त्याच जागी, त्याच माणसांबरोबर

पहिल्या भेटीत झाडांचा विषयच निघाला नाही. मन खचलेल्या तरुणांसाठी बागेत चालणारा एक कार्यक्रम होता; तो चालवणाऱ्या ताई समोर बसल्या आणि त्यांनी झोपेपासून सुरुवात केली. कधी लागते, कधी मोडते, सकाळी अंथरूण सोडायला किती वेळ जातो. मग औषधं: कोणती, किती, कोण देतं. दमा आहे का, मधमाशी चावल्यावर कधी श्वास कोंडला होता का, फिट येते का, कुठल्या किड्याची-प्राण्याची भीती वाटते का. मी पक्षी, हिरवळ, मोकळी हवा अशा बोलण्याच्या तयारीने गेले होते. त्यांनी मात्र माझ्या औषधांची यादी दोनदा वाचली. मनाच्या आजारांवरच्या काही औषधांमुळे शरीराला उष्णता सोसणं जड जातं, काहींनी घाम जास्त येतो, म्हणून उन्हातल्या कामाच्या दिवशी पाणी आणि सावली याबाबत हयगय चालणार नाही, असं बजावलं. आणि औषध कमी करायचं की बंद करायचं हे डॉक्टर ठरवतील, 'आता बाहेर जातेय, बरं वाटतंय' म्हणून मी ठरवायचं नाही. माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो तिथेच.

नंतर पीएचक्यू-9 ही नैराश्य किती आहे ते मोजणारी प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण बेरीज 0 ते 27. ही मी आधी दवाखान्यातही भरली होती. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. माझं उत्तर वाचून ताईंनी पेन खाली ठेवला आणि आवाज न बदलता विचारलं: विचार आला की किती वेळ राहतो, काही ठरवून ठेवलं आहेस का, त्या वेळी घरात कोण असतं. मग दोघींनी मिळून एका कागदावर लिहून काढलं, की असा दिवस आला तर आधी काय करायचं, पहिला फोन कुणाला, तो लागला नाही तर दुसरा कुणाला. "विचार जोर धरायला लागले तर पुढच्या सत्राची वाट बघायची नाही," त्या म्हणाल्या. "त्याच क्षणी डॉक्टर किंवा हेल्पलाइन. बाग कुठे पळून जात नाही."

हे सगळं सविस्तर सांगतेय, कारण मन खचलेल्या तरुण माणसांना हल्ली सगळेच 'जरा निसर्गात जा' म्हणतात. मलाही खूप जणांनी सांगितलं होतं, आणि त्यातल्या कुणाचाही हेतू वाईट नव्हता. पण अंघोळ करणंसुद्धा डोंगराएवढं वाटतं त्या दिवसांत 'जा' म्हटल्याने माणूस जात नाही. कुठे जायचं, कुणाबरोबर, तिथे करायचं काय, रडू आलं तर काय, आणि जाता आलं नाही तर काय, याची उत्तरं आधीच कुणीतरी शोधून ठेवलेली असावी लागतात. कार्यक्रम म्हणजे ती उत्तरं.

माझ्या समुपदेशकांनी तो सुचवला तेव्हा माझं शिक्षण संपलं होतं आणि पुढचं काही ठरलेलं नव्हतं. या वयात दिवसाचा सांगाडाच निखळतो. तास नाहीत, परीक्षा नाहीत, मैत्रिणी वेगवेगळ्या गावी पांगलेल्या, आणि 'सध्या काय करतेस?' हा प्रश्न दारातून येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी. अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध झाले होते: आयुष्यात कधीतरी जडणाऱ्या मनाच्या आजारांपैकी निम्मे वयाच्या 14व्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांश 24व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. हे वाचल्यावर मला थोडं हलकं वाटलं होतं. ज्या वयात मी कोसळले त्याच वयात खूप जण कोसळतात, माझ्यातच काही खोट आहे असं नाही.

कार्यक्रमाची जागा देखणी वगैरे नव्हती. काही जुनी झाडं, एका बाजूला भाजीचे वाफे, रोपांसाठी जाळीचा मांडव, मागे कंपोस्टचे ढीग. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, तेच दोन तास आणि तीच माणसं. आम्ही सगळे विशीतले. पहिल्या दिवशी ताईंनी आम्हाला जागेच्या कडेकडेने एक फेरी मारायला लावली. हद्द कुठे संपते, संडास कुठे आहे, पाऊस आला तर कुठे जमायचं, एकटं बसावंसं वाटलं तर कुठे बसायचं आणि तिथून हाक ऐकू येते का. काळजीने पोखरलेल्या माणसाला नव्या ठिकाणी सगळ्यात आधी बाहेर पडायची वाट लागते, आणि ती त्यांनी न मागता दाखवली.

मग गटाचे करार. इथे ऐकलेलं इथेच राहील. कुणीही कधीही 'पुढे' म्हणून आपली पाळी सोडू शकतं आणि त्याचं कारण विचारलं जाणार नाही. फोन कुणी काढून घेतले नाहीत; एक टोपली ठेवली होती, ठेवावासा वाटला तर ठेवा. एका मुलीला घरून फोन येऊ शकतो या विचाराशिवाय स्वस्थ बसता येत नव्हतं, तिचा फोन तिच्या खिशातच राहिला. कुणी भुवया उंचावल्या नाहीत.

सुरुवातीचे आठवडे मला काहीही झालं नाही. हे स्पष्ट लिहायला हवं, कारण अशा अनुभवांत पहिल्याच दिवशी कुणाचे तरी डोळे भरून येतात आणि आपले नाही आले की वाटतं, आपण यालाही नालायक. आम्ही अगदी सावकाश चालायचो. जपानच्या वनखात्याने 1982 मध्ये वनस्नानाची कल्पना मांडली, तीच ही चाल: कुठे पोहोचायचं नाही, व्यायाम म्हणून चालायचं नाही, फक्त वास, आवाज, स्पर्श यांकडे लक्ष द्यायचं. मला वास येत होते, आवाज ऐकू येत होते, आणि आतमध्ये सगळं होतं तसंच बधिर होतं. ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, "वाटलंच पाहिजे असं काही नाही. पुढच्या आठवड्यात ये म्हणजे झालं."

फरक पडला तो बैठकीमुळे. प्रत्येकाने आपापली एक जागा निवडायची आणि दर आठवड्याला काही मिनिटं तिथेच एकट्याने बसायचं. जागा बदलायची नाही. सगळे हाकेच्या टप्प्यात, प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. एकट्या मुलीने बाहेर, काही न करता, कुणाची वाट न बघता नुसतं बसणं मी त्याआधी कधी केलेलंच नव्हतं. उघड्यावर असताना आपलं अर्धं लक्ष कायम पाठीमागे असतं. शिट्टीमुळे आणि जवळपास आपली माणसं आहेत या माहितीमुळे ते अर्धं लक्ष हळूहळू मोकळं झालं. डोळे मिटायला ताईंनी कधीच सांगितलं नाही. ज्यांच्यावर काही भयंकर ओढवलेलं असतं त्यांना डोळे मिटून बसणं धोक्याचं वाटू शकतं, हे त्यांना माहीत होतं.

माझ्या जागेसमोर एक पडलेलं खोड होतं. पहिल्या काही बैठकांत मी त्याच्याकडे बघत नेहमीचाच रवंथ केला: ती मुलाखत, ते उत्तर, ते नातं, मी तसं बोलायला नको होतं. शांततेत तो उलट मोठ्याने चालतो. मग एका आठवड्यात खोडावरच्या बुरशीच्या पंख्यासारख्या थराला नवी पांढरी कड आलेली दिसली. पुढच्या आठवड्यात ती रुंद झाली होती. मुंग्यांची रांग आधी खोडावरून जायची ती आता खालून जायला लागली होती. मी ते 'मनापासून' वगैरे बघत नव्हते. पण बसल्यावर पहिली नजर तिकडे जायला लागली आणि तेवढा वेळ मुलाखत बाजूला पडायला लागली.

याचं एक स्पष्टीकरण रेचल आणि स्टीव्हन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं आहे. आपण जोर लावून एखाद्या गोष्टीवर लक्ष धरून ठेवतो ती शक्ती थकते. पानांची हालचाल, पाणी, ढग यांसारख्या गोष्टी लक्ष ओढतात पण त्यासाठी जोर मागत नाहीत, आणि तेवढ्यात थकलेली शक्ती सावरते. रवंथाबद्दलही 2015 मधला एक प्रयोग आहे. ग्रेगरी ब्रॅटमन आणि सहकाऱ्यांनी 38 जणांपैकी काहींना झाडाझुडपांतून आणि काहींना रहदारीच्या रस्त्याकडेने 90 मिनिटं चालायला लावलं. झाडांतून चाललेल्यांचं स्वतःबद्दलचं घोळत राहणं कमी झालेलं आढळलं, आणि मेंदूच्या ज्या भागाचा अशा घोळण्याशी संबंध आहे तिथली हालचालही कमी झालेली दिसली. पण त्यात मनाचा आजार असलेलं कुणी नव्हतं, आणि 38 हा काही मोठा आकडा नाही. मला त्यातून पुरावा नको होता. आपल्याला जे होतंय ते निव्वळ मनाचे खेळ नाहीत एवढी धुगधुगी मिळाली, ती पुरली.

तरीही मला विचाराल तर या सगळ्यात सर्वांत जास्त काम केलं ते कंपोस्टच्या ढिगाने.

दोन माणसांशिवाय तो उलटता येत नाही. एकाने खालचं वर काढायचं, दुसऱ्याने बाजूला रचायचं, मध्ये मध्ये पाणी शिंपडायचं. सुका पाला आणि ओला कचरा यांचं प्रमाण जमलं तर आतले सूक्ष्मजीव इतके कामाला लागतात की ढिगाचं तापमान 55 ते 65 अंश सेल्सियसपर्यंत चढतं. आत खुपसलेला लांब थर्मामीटर बाहेर काढला की त्याची दांडी हाताला चटका द्यायची. आमच्या गटात एक मुलगा होता. गोलात बसल्यावर तो दर वेळी 'पुढे' म्हणायचा, अगदी एकही आठवडा न चुकता. एकदा आमची दोघांची जोडी ढिगावर लागली. नजर फावड्यावर, हात कामात, आणि त्याने मध्येच एक वाक्य टाकलं. मी काही बोलले नाही, पाला पुढे सरकवला. थोड्या वेळाने दुसरं वाक्य आलं. तो काय म्हणाला ते इथे लिहिणार नाही, तो आमचा करार आहे. पण घरी जाताना मला जाणवलं की मीसुद्धा त्याला अशा काही गोष्टी सांगून बसले होते ज्या समुपदेशनाच्या खोलीत कधी ओठांवर आल्या नव्हत्या.

समोरासमोर बसून 'सांग, काय होतंय' म्हटलं की गळा आवळतो. शेजारी उभं राहून एकच काम करताना कुणी कुणाकडे बघत नसतं, गप्प बसलं तरी ते अवघड होत नाही कारण काम चालूच असतं, आणि बोलणं नको झालं तर फावडं उचलता येतं. ताई जोड्या कशा लावायच्या हे मी नंतर लक्ष देऊन पाहिलं. त्यात योगायोग फार थोडा होता.

दुसरी गोष्ट, पाणी घालण्याच्या पाळ्या. सत्राच्या दिवसाव्यतिरिक्त प्रत्येकाला आपल्या पाळीच्या आठवड्यात एकदा येऊन रोपांना पाणी घालायचं होतं. सुरुवातीला मुद्दाम मुळा लावला होता, कारण तो तीन-पाच दिवसांत उगवतो आणि महिन्याभरात काढायला येतो. धीर संपलेल्या माणसांच्या हाती वर्षभराने फळ देणारं झाड देऊन उपयोग नसतो. माझे समुपदेशक कधीपासून सांगत होते, की इच्छा होईल मग उठेन असं म्हणू नकोस, आधी छोटी कृती कर, इच्छा मागून येते. नैराश्यावरच्या उपचारांत ही पद्धत चांगली तपासली गेली आहे. मला ती पटत होती आणि जमत नव्हती. स्वतःसाठी उठणं जमेना, पण मांडवातली रोपं सुकतील म्हणून उठणं जमलं. त्यांना माझ्याकडून दोन झारी पाण्यापलीकडे काही नको होतं, मी कशी दिसतेय, सध्या काय करतेय, यातलं काहीसुद्धा नको होतं.

एकदा एका ट्रेमधली रोपं एका रात्रीत आडवी झाली. देठ जमिनीलगत कुजून काळे पडलेले. रोपं कोलमडण्याचा हा रोग ओल जास्त झाली, रोपं दाट झाली, हवा खेळली नाही की मातीतल्या बुरशीमुळे होतो. ट्रे बघताक्षणी माझ्या मनाने दोष माझ्यावर घेतला. त्या आठवड्यात पाण्याची पाळी माझी नव्हतीच. तरी छातीत तोच दगड. शेजारची मुलगी म्हणाली, "माझ्यामुळेच झालं असणार." तिचीही पाळी नव्हती. तिसराही तेच म्हणाला. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. आजार आमच्यासमोर इतका उघडा कधीच पडला नव्हता: प्रत्येकाच्या डोक्यात एकच वाक्य, शब्दसुद्धा तेच. ताईंनी कुणाचं चुकलं हे शोधू दिलं नाही. ट्रेला खाली भोकं आहेत का बघा, बी किती जवळजवळ पडलंय बघा, मांडवाची एक बाजू उघडा. तासाभराने नवं बी पेरून झालं होतं. घरी काही बिघडलं की अजूनही पहिला विचार 'माझ्यामुळे' हाच येतो. पण त्याच्या पाठोपाठ ट्रेच्या भोकांचा विचार येतो.

मधे एक आठवडा मी गेलेच नाही. उठताच आलं नाही. संध्याकाळी ताईंचा फोन आला. त्यांनी कारण विचारलं नाही, समजावलं नाही. पहिल्या भेटीतला तो कागद जवळ आहे का आणि त्यावरचा पहिला फोन केला आहेस का, एवढं विचारलं. मग म्हणाल्या, "खाट खिडकीपाशी सरकवता येईल का? नाहीतर उशी फक्त दुसऱ्या टोकाला घे, बाहेरचं झाड दिसेल असं." रॉजर उलरिक यांनी 1984 मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची तुलना केली होती. ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. त्या दिवशी मला यातलं काही माहीत नव्हतं. उशी दुसऱ्या टोकाला नेणं मात्र माझ्या ताकदीत बसत होतं.

सगळंच जमलं असं नाही. 'झाडाला पत्र लिहा' हा उपक्रम मला शेवटपर्यंत परका वाटला. 'आज निसर्गाने तुम्हाला काय शिकवलं?' हा प्रश्न एका पाहुण्या मार्गदर्शकाने विचारला तेव्हा सगळा गट पुन्हा शाळेतल्यासारखा अवघडून बसला. ज्यांना गुडघ्याचा, पाठीचा त्रास आहे त्यांच्यासाठी कंबरेइतक्या उंचीचे वाफे अगदी उशिरा आले, ते पहिल्या दिवसापासून हवे होते. आणि जागेपर्यंत पोहोचायलाच ज्यांना परवडत नाही किंवा घरून सोडत नाहीत, ते तर आमच्या गटात आलेच नाहीत. त्यांची गरज कदाचित आमच्यापेक्षा जास्त असेल.

एका बाबतीत माझं मत ठाम आहे. यात सक्ती अजिबात नको. अमेरिकेत 'बिघडलेल्या' मुलांना घरच्यांच्या संमतीने पण मुलांच्या मनाविरुद्ध रानात नेऊन ठेवणारे खासगी कार्यक्रम निघाले होते. त्यांतल्या छळाबद्दल आणि मृत्यूंबद्दल तिथल्या संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण यंत्रणेने 2007 मध्ये अहवाल दिला. उघडं आकाश, थकवणारी चाल, एकटेपणा या गोष्टी स्वतः निवडल्या तर औषध ठरू शकतात. लादल्या तर ती शिक्षाच.

शेवटी प्रश्नावली पुन्हा भरली. माझी बेरीज बरीच खाली आली होती. पण मधल्या काळात डॉक्टरांनी औषधाची मात्रा बदलली होती, समुपदेशन चालू होतं, झोप सुधारली होती. यातलं श्रेय कुणाला किती, हे मी सांगू शकत नाही आणि माझ्या मते कुणी सांगूही नये. 2019 मध्ये इंग्लंडमधल्या जवळपास 20,000 लोकांच्या माहितीवर एक अभ्यास आला. आठवड्याला किमान 120 मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये प्रकृती आणि मन चांगलं असल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं. ती मिनिटं एकदम घेतली की तुकड्यांत, याने फरक पडत नव्हता. पण ज्यांना आधीच बरं वाटतं तेच जास्त बाहेर पडत असतील, ही शंका अशा अभ्यासातून पूर्ण जात नाही. मी हे उपचारांच्या जोडीने केलं आणि दुसऱ्या कुणालाही तसंच सांगेन.

सगळ्यात अवघड भाग संपण्याचा होता. आठवड्यातला जो एक दिवस धरून मी उभी राहिले होते तोच जाणार होता. ताईंनी त्याची तयारी बऱ्याच आधी सुरू केली. प्रत्येकाने आपल्या राहत्या ठिकाणाजवळची एक जागा शोधायची, कितीही साधी असो, आणि कार्यक्रम चालू असतानाच गटातल्या कुणाला तरी सोबत घेऊन तिथे बसून यायचं. माझ्या जागेवर कंपोस्टवाला तो मुलगा आला होता, त्याच्या जागेवर मी गेले. पुढच्या तुकडीला मदतनीस म्हणून यायचं असेल तर तीही सोय होती, मी नाव दिलं.

अशा कार्यक्रमाला जायचा विचार करत असाल तर फोटो बघून ठरवू नका. चालवणाऱ्यांना विचारा: मनाच्या आजारांचं प्रशिक्षण कुणाकडे आहे, माझ्या डॉक्टरांशी गरज पडल्यास कोण बोलेल, एखाद्या आठवड्यात मी आले नाही तर तुम्ही काय करता, मला बोलायचं नसेल तर चालेल का, जागा आणि माणसं दर वेळी तीच असतात का. आणि शेवटचं सत्र झाल्यावर पुढच्या आठवड्यात त्याच वारी मी काय करायचं आहे, हेही विचारा. त्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार नसेल तर नाव नोंदवण्याआधी ते तयार करायला सांगा.